काणकोण महाल : भूमी, वस्ती आणि शिरगणती

पर्तगाळी येथील श्रीमठात रामनवमीच्या उत्सवास येणारा शिष्यवर्ग बहुधा मडगावाहून बाळ्ळीमार्गे करमल घाट उतरून येतो, अथवा कारवाराहून काळी नदी आणि पोळ्याचा नाका ओलांडून येतो. कुशावतीच्या तीरी स्नान, देवदर्शन व तीर्थप्रसाद आटोपला, की बहुतेकांची पावले आल्या वाटेने परत वळतात. ज्या मुलखात हा मठ शतकानुशतके नांदत आहे, त्या काणकोण तालुक्याचा परिचय मात्र अनेकांस गाडीच्या खिडकीतून दिसेल तेवढाच घडलेला असतो : एका अंगास डोंगर, दुसऱ्या अंगास माड, आणि मध्येच एखाद्या वळणावर क्षणभर चमकून जाणारा समुद्र. या चिंचोळ्या पट्टीत लोक कोठून आले, कसे वसले, आणि त्यांची मोजदाद कोणी, कशासाठी व कितपत खरी केली, हा इतिहास राजवंशांच्या इतिहासाइतकाच रंजक आहे. काही बाबतीत तो अधिक महत्त्वाचाही म्हणावा लागेल, कारण त्यातील एक प्रकरण अद्याप पुरते मिटलेले नाही.

काणकोण हा गोव्याचा अगदी दक्षिणेकडचा तालुका. उत्तरेस केपे, ईशान्येस सांगे, पूर्वेस व दक्षिणेस कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्हा, आणि पश्चिमेस अरबी समुद्र, अशा त्याच्या सीमा आहेत. क्षेत्रफळ सुमारे ३५२ चौरस किलोमीटर, म्हणजे गोव्याच्या एकूण ३,७०२ चौरस किलोमीटरांपैकी साडेनऊ टक्के. २०११ च्या जनगणनेत येथील लोकसंख्या ४५,१७२ भरली. त्या वेळी सबंध गोव्याची लोकसंख्या १४,५८,५४५ होती. म्हणजे भूमी साडेनऊ टक्के आणि माणसे तीन टक्के. गोव्यात दर चौरस किलोमीटरास ३९४ माणसे राहत असता काणकोणात ती १२८ च्या आसपास होती. या तफावतीचे कारण शोधू जाता प्रथम दृष्टी डोंगराकडे जाते, आणि ते योग्यच आहे.

सह्याद्री येथे समुद्रास जितका भिडलेला आहे तितका गोव्यात अन्यत्र क्वचितच आढळेल. तिसवाडी, बारदेश, सासष्टी या जुन्या काबिजादीत समुद्र व डोंगर यांच्यामध्ये सपाट शेतजमिनीचा ऐसपैस पट्टा आहे. काणकोणात सह्याद्रीच्या सोंडा थेट लाटांपर्यंत उतरतात आणि दोन सोंडांच्या मध्ये जी काही खाच उरते तिच्यात गाव बसतो. आगोंद, पाळोळे, तळपण, गालजीबाग, पोळे ही किनाऱ्यावरची गावे अशाच खाचांत वसलेली आहेत. एका गावाहून शेजारच्या गावी जावयाचे तर पूर्वी डोंगर चढून उतरावा लागे, किंवा होडीने भूशिराला वळसा घालावा लागे. पाळोळ्याच्या किनाऱ्यावर जे प्रचंड गोलसर धोंडे दिसतात, त्या पाषाणास भूशास्त्रज्ञांनी ‘काणकोण ग्रॅनाइट’ असे या तालुक्याचेच नाव दिले आहे. लोलयेच्या बाजूस जांभ्या दगडाचे उघडे सडे पसरलेले आहेत. उन्हाळ्यात ते ओसाड वाटतात आणि पावसाळ्यात गवताफुलांनी झाकून जातात. या सड्यांत मुरलेले पाणी पायथ्याच्या विहिरींस व झऱ्यांस वर्षभर पुरते, हे लोलयेकरांस पिढ्यान्पिढ्या ठाऊक आहे. त्यामुळे सड्यावर मोठे प्रकल्प आणण्याच्या गोष्टी निघाल्या तेव्हा गावातून विरोध उठला.

नद्या तीन : साळेरी, तळपण आणि गालजीबाग. तिन्ही आखूड. डोंगरात उगम पावून काही कोसांतच त्या समुद्राला मिळतात. पर्तगाळीस जिला कुशावती म्हणतात ती याच जलसंभारातील होय. केपे तालुक्यातून वाहणारी व पुढे जुवारीस मिळणारी कुशावती अगदी निराळी. दोहोंच्या मध्ये करमल घाटाचा डोंगर आडवा आहे. नावाच्या सारखेपणामुळे परगावच्या भक्तांचा नेहमी घोटाळा होतो, म्हणून येथे हा खुलासा केला. मांडवी आणि जुवारी या नद्यांनी आपल्या खोऱ्यांत व्यापार खेळविला, गलबते आत खोलवर नेली, आणि विसाव्या शतकात त्यांच्याच पाठीवरून लोहखनिजाचे पडाव मुरगावच्या बंदराकडे गेले. काणकोणच्या नद्यांच्या वाट्यास असे काही आले नाही. तालुका खनिजपट्ट्याच्या जवळजवळ पूर्णपणे बाहेर राहिला. खाणीचा पैसा येथे आला नाही, आणि खाणीची लाल धूळही आली नाही. डोंगरावरचे रान त्यामुळे पुष्कळसे शाबूत राहिले. या रानाचेच पुढे काय झाले ते यथाक्रम येईल.

शेतीची पद्धतही भूमीनेच ठरवून दिलेली. सखल भागात भात. पावसावरचे ते सरद, आणि हिवाळ्यात ओहोळास बांध घालून साठविलेल्या पाण्यावर घेतात ते वायंगण. ओहोळाच्या काठाकाठाने कुळागरे. वर माड-पोफळी, त्यांच्या खोडांवर मिरवेली, खाली केळी व अननस, आणि सर्वांच्या मुळांतून खेळणारा पाट. पैंगीण, लोलये, श्रीस्थळ या गावांतील कुळागरे पाहिली म्हणजे या मुलखात पाणी हेच खरे धन आहे हे ध्यानी येते. उतारावर मात्र निराळी रीत होती. रानाचा तुकडा तोडावयाचा, सुकला की जाळावयाचा, राखेत नाचणी, वरी, कडधान्ये पेरावयाची, आणि दोन-तीन पिके निघाल्यावर तो तुकडा रानास परत देऊन दुसरीकडे वळावयाचे. या शेतीस कुमेर म्हणतात. नांगर नाही, बांध नाही आणि कायमचा सातबाराही नाही. पोर्तुगीज सरकारने आणि पुढे भारतीय वनखात्याने कुमेरीवर निर्बंध घातले ते रानाच्या रक्षणासाठी, असे कारण देऊन. पण ज्याची सारी उपजीविका कुमेरीवर, त्याच्या दृष्टीने तो घरावरचाच घाला होता. त्या डोंगरउतारांवरच्या शेतीचे एक प्रसिद्ध फळ म्हणजे खोल्याची मिरची. खोला गावच्या डोंगरांवर पावसाच्या पाण्यावर होणारी ही लाल मिरची २०१९ साली भौगोलिक मानांकनास पात्र ठरली. काणकोणच्या उताराचे नाव सरकारी दप्तरात सन्मानाने लिहिले गेले, असा हा विरळा प्रसंग.

आता वस्तीचा इतिहास. काणकोण या नावाचा संबंध स्थानिक परंपरा कण्व ऋषींशी जोडते. भाषाशास्त्राच्या कसोटीस ही व्युत्पत्ती कितपत उतरेल हा प्रश्न निराळा. या भूमीवर सर्वांत आधी ज्यांचा पाय लागला असे सर्वजण मानतात ते कुणबी व वेळीप. खोतीगाव, गावडोंगरी, खोला आणि आगोंद यांच्या डोंगरवाड्यांतून त्यांची वस्ती आहे. वेळीप हे नाव मुळात गावच्या देवकार्याच्या अधिकाराशी निगडित मानले जाते. गावकर आणि वेळीप ही आडनावे या वाड्यांतून घरोघर ऐकू येतात. गावडोंगरीच्या मल्लिकार्जुनाच्या देवळात काही वर्षांच्या अंतराने होणारी शिर्षारान्नी प्रसिद्धच आहे. तीन माणसे डोकी जवळ आणून निजतात, त्या तीन मस्तकांची चूल करून तिच्यावर मडक्यात भात शिजवितात. दुरून येणारे लोक त्यास नवल म्हणून पाहतात. गावास ती आपल्या देवाशी असलेली जुनी बांधिलकी वाटते.

त्यांच्यानंतर निरनिराळ्या काळी इतर आले. सोळाव्या शतकात सासष्टीत जे घडले ते श्रीमठाच्या शिष्यवर्गास सांगावयास नको. १५६७ साली तेथील देवळे मोडण्यात आली. इन्क्विझिशनची स्थापना त्याच्या सात वर्षे आधीच झाली होती. तेव्हा जी कुटुंबे देव घेऊन अथवा नुसता जीव घेऊन निघाली, त्यांतील काही उत्तरेस अंत्रूजात गेली, तर काही दक्षिणेस करमल घाट उतरून काणकोण, कारवार, अंकोला, भटकळ या वाटेने गेली. काणकोण त्या वेळी पोर्तुगिजांच्या हद्दीबाहेर होता, आणि डोंगराची ती भिंत, जी व्यापारास अडथळा ठरली, तीच आश्रयास उपयोगी पडली. सारस्वतांनी पैंगीण, लोलये, श्रीस्थळ येथे कुळागरे उभी केली. पैंगीणीस परशुरामाचे देऊळ आहे. गोमंतभूमी परशुरामाने निर्मिली अशी कथा सर्वत्र सांगतात. त्याचे देऊळ मात्र गोव्यात फार थोड्या ठिकाणी आढळते. किनाऱ्यावर पागी समाजाने रापणी ओढल्या. आगोंद, गालजीबाग, खोला, चावडी येथे पुढे ख्रिस्ती वस्तीही वाढली व चर्चे उभी राहिली. येणेप्रमाणे डोंगरात कुणबी-वेळीप, ओहोळाकाठी कुळागरवाले, खाडीमुखावर मासेमार, अशी उंचीनिहाय वस्ती झाली. हा नियम अर्थातच ढोबळ आहे; माणसे भूगोलाच्या आज्ञेत सदैव राहत नाहीत.

राज्य सोंदेकरांचे होते. सोंदे म्हणजे शिरसीजवळची ती राजधानी. कारवारच्या काळी नदीमुखावरचा सदाशिवगड याच घराण्याची आठवण. १७६३ साली हैदरअलीने बिदनूर घेतले आणि त्याचा मोर्चा सोंद्याकडे वळला. सोंद्याचा राजा सवाई इम्मडी सदाशिव याने गोव्यात पोर्तुगिजांकडे आश्रय घेतला. फोंडा, जांबावली, काणकोण व खोलगड हे प्रदेश त्याच सुमारास पोर्तुगिजांच्या ताब्यात गेले, आणि १७९१ च्या तहाने ते कायमचे त्यांचे झाले. राजकुळ बांदोड्यास राहिले. पोर्तुगीज ज्यास काब द राम म्हणत त्या खोलगडावर रामचंद्रांनी वनवासात वास्तव्य केले अशी लोकांची श्रद्धा आहे. त्याच गडावर पोर्तुगिजांनी पुढे तुरुंग चालविला, तो १९५५ पर्यंत होता. काणकोण पोर्तुगिजांच्या हाती गेला तो असा उशिरा, तलवारीपेक्षा तहाने. नव्या काबिजादींत धर्म व रीतिरिवाज यांत हात न घालण्याचे अभिवचन त्यांनी दिले होते, आणि सोळाव्या शतकातला तो अतिरेकही तोवर ओसरला होता. म्हणूनच सासष्टीतील देवळांची कथा काणकोणात पुन्हा घडली नाही.

अंजदीव बेटाची हकीकत येथेच सांगितली पाहिजे, कारण ते कारवारासमोर असूनही दप्तरी गोव्याचे आहे. १४९८ साली वास्को द गामा परतीच्या वाटेवर येथे थांबला. १५०५ साली आल्मेदाने येथे किल्ला बांधला आणि लवकरच तो सोडून द्यावा लागला. मुंबईच्या इतिहासातही या बेटाचे एक दुःखद पान आहे. १६६१ च्या विवाहकराराने मुंबई इंग्लंडच्या राजास मिळाली, परंतु तेथील पोर्तुगीज अधिकारी ताबा देईनात. तेव्हा सर अब्राहम शिपमन याच्या हाताखालील इंग्रज शिपाई अंजदीवावर उतरले. गोड्या पाण्याचे झरे असूनही बेटाची हवा त्यांस मानवली नाही. दोन-अडीच वर्षांत बहुतेक सारे तापाने मेले. खुद्द शिपमनही तेथेच मरण पावला. उरलेल्या मूठभरांना घेऊन हम्फ्री कुक याने १६६५ च्या फेब्रुवारीत मुंबईचा ताबा घेतला. पोर्तुगिजांनी १६८२ साली बेटावर पुन्हा किल्ला बांधला. १९६१ च्या नोव्हेंबरात याच बेटावरून ‘साबरमती’ या प्रवासी आगबोटीवर गोळीबार झाला. आणि डिसेंबरात बेट जिंकताना भारतीय नौदलाचे सात जण धारातीर्थी पडले. पुढे ते नौदलाकडेच गेले. तेथील चर्चच्या वार्षिक फेस्तास काणकोण-कारवारचे ख्रिस्ती होड्यांनी जात असत, त्या परंपरेस त्यामुळे खंड पडला.

पोर्तुगिजांनी काणकोणचा कोंसेल केला, म्हणजे आजच्या भाषेत तालुका. त्याचे ठाणे चावडीस. गावाचे नाव आणि सरकारी कचेरीचे नाव एकच असावे, यावरून या गावाचा जन्म कशासाठी झाला हे उघड होते. कोंसेलावर एक प्रशासक, गावागावांत रेजेदोर, आणि त्यांच्याकडून सारावसुली, जन्ममृत्यूची नोंद व खानेसुमारी करवून घेण्याची रीत. गोव्यात पद्धतशीर खानेसुमारी १८८१ साली झाली. त्यानंतर १८८७, १९००, १९१०, १९२१, १९३१, १९४०, १९५० आणि १९६० या वर्षी. पोर्तुगीज सरकारास मुख्यतः धर्म, साक्षरता व घर यांची माहिती हवी असे. हिंदू किती आणि ख्रिस्ती किती, हा त्यांच्या तक्त्यातील मोठा रकाना. त्या रकान्यात कुणबी आणि वेळीप हिंदूंच्या बेरजेत विरघळून गेले. रानातल्या वाड्यांवर गणनेचे काम किती काटेकोर होत असेल याची कल्पना भूगोलावरूनच करता येते : पावसाळ्यात नदी-ओहोळ ओलांडता येत नसत, आणि कुमेरीचा शेतकरी कधी या उतारावर तर कधी त्या.

१९५४ पासून हिंदुस्थान सरकारने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली, तेव्हा सीमेवरच्या काणकोणास तिची झळ विशेष लागली. माजाळी आणि पोळे ही एकाच किनाऱ्यावरची जोडगावे. बाजार कारवारास, सोयरीक कारवारास, आणि एकाएकी मध्ये शिपाई उभा. १५ ऑगस्ट १९५४ रोजी ज्या ठिकाणांहून सत्याग्रहींच्या तुकड्या गोव्यात शिरल्या त्यांत पोळेही होते. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि तो नाका पुन्हा निव्वळ जकातीचा व तपासणीचा झाला.

मुक्तीनंतर गोव्यात कसणाऱ्यास जमिनीचा हक्क देणारे कायदे झाले : १९६४ चा कूळकायदा आणि १९७६ ची त्याची पाचवी दुरुस्ती. भातशेतीच्या कुळांस त्यांचा लाभ झाला. कुमेरवाल्यास काय मिळणार? त्याची जमीन भाटकाराची नव्हती, ती सरकारी रानात होती. १९६८ साली खोतीगाव अभयारण्य जाहीर झाले. त्याचे क्षेत्र सुमारे ८६ चौरस किलोमीटर, म्हणजे तालुक्याचा जवळजवळ चौथा हिस्सा. शेकरू, गवे, वनमानव, राजनाग यांना संरक्षण मिळाले, आणि याच रानामुळे तळपण व गालजीबागचे पाणी उन्हाळ्यापर्यंत टिकते, म्हणून त्या निर्णयास नावे ठेवण्याचे कारण नाही. पण अभयारण्याच्या हद्दीत ज्यांच्या वाड्या, देवराया व शेते होती ते एका रेघेने परक्या जमिनीवर राहणारे ठरले. २००६ च्या वनहक्क कायद्याने त्यांना दावे सांगण्याची वाट मोकळी केली. ती वाट गोव्यात फार सावकाश चालली गेली. २४ जुलै २०२३ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने म्हादई, नेत्रावळी आदी अभयारण्यांसह खोतीगावचाही व्याघ्र प्रकल्प जाहीर करण्याचा आदेश दिला, आणि राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. वाघ आणि वाडी यांचा हा तंटा कायद्याच्या भाषेत लढविला गेला, पण त्याच्या मुळाशी तोच जुना प्रश्न आहे : रानात माणसे आहेत, हे कागदावर कोणी आणि केव्हा लिहिले?

या प्रश्नाचे उत्तर शिरगणतीच्या तक्त्यात सापडते, आणि ते चकित करणारे आहे. २००१ च्या जनगणनेत सबंध गोवा राज्यात अनुसूचित जमातींची संख्या ५६६ दाखविली आहे. पाचशे सहासष्ट! गावडे, कुणबी आणि वेळीप यांची नावे तोवर अनुसूचीत नव्हती. अनेक वर्षांच्या मागणीनंतर २००३ च्या जानेवारीत या तिन्ही समाजांचा अनुसूचित जमातींत समावेश झाला. २०११ च्या जनगणनेत तीच संख्या १,४९,२७५ भरली, म्हणजे राज्याच्या लोकसंख्येच्या दहा टक्क्यांहून अधिक. दहा वर्षांत कोणी बाहेरून आले नाही, की कोणाच्या घरी शंभरपट मुले जन्मली नाहीत. माणसे तीच, डोंगर तेच. बदलला तो एक शब्द. काणकोण, केपे, सांगे, फोंडा या तालुक्यांतील हजारो कुटुंबांचे अस्तित्व एका कायद्याच्या ओळीवर अवलंबून होते, हे या दोन आकड्यांइतके दुसऱ्या कशानेही स्पष्ट होणार नाही.

आकड्यास केवळ अभ्यासकांच्या दृष्टीने महत्त्व असते तर गोष्ट निराळी. परंतु विधानसभेच्या मतदारसंघांची पुनर्रचना २००८ साली अमलात आली, आणि ती २००१ च्या जनगणनेच्या आधाराने झाली होती. ५६६ माणसांस चाळीस जागांच्या सभागृहात राखीव जागा कोठून मिळणार? त्यामुळे अनुसूचित जमातींसाठी गोव्यात एकही जागा राखीव राहिली नाही. हक्कांच्या या मागण्यांसाठी २५ मे २०११ रोजी करमल घाटाच्या पलीकडे बाळ्ळी येथे आंदोलन झाले, ते चिघळले आणि त्यात दोन आदिवासी तरुण मृत्यू पावले. पर्तगाळीस जाणारी प्रत्येक गाडी मडगावाहून निघाली की त्याच बाळ्ळीवरून जाते. शेवटी २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने गोव्यातील अनुसूचित जमातींच्या प्रतिनिधित्वाच्या फेररचनेचा कायदा संमत केला. मधली बावीस वर्षे एका चुकलेल्या शिरगणतीने खाल्ली, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

तालुक्याच्या एकंदर लोकसंख्येकडे वळले तर आणखी एक लक्षण नजरेस येते. २००१ साली काणकोणात ४३,९९७ माणसे होती. दहा वर्षांत केवळ १,१७५ ची वाढ. टक्केवारीत तीनाहूनही कमी. याच काळात गोव्याची लोकसंख्या आठ टक्क्यांनी वाढली. २०११ साली चावडी, पाळोळे, नगर्से इत्यादींच्या नगरपालिका क्षेत्रात सुमारे १२,४०० लोक राहत होते. म्हणजे दर शंभरांतील बाहत्तरांहून अधिक माणसे खेड्यांतली. गोवा राज्याचे चित्र त्या वर्षी नेमके उलटे होते : बासष्ट टक्के लोक शहरी. देशातील अतिशय नागरी राज्याच्या दक्षिण टोकास हा एक खेडवळ तालुका शिल्लक राहिला होता. वाढ मंद असण्याचे कारण जन्म कमी हे एकच नाही. शिकलेला मुलगा मडगाव-वास्कोस जातो, तेथून परदेशीही जातो. कुळागर सांभाळावयास म्हातारी माणसे उरतात, आणि पोफळीवर चढणारा गडी मिळेनासा होतो. अनेक मोठ्या घरांची कुलपे गणेशचतुर्थीला किंवा देवाच्या उत्सवालाच उघडतात. श्रीमठाच्या शिष्यवर्गातील कित्येकांची मूळ घरे याच वर्गात मोडतील.

दळणवळणाने यात काही फरक पाडला आहे. कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण झाली. करमलच्या डोंगररांगेखालून तीन किलोमीटरांहून लांब असा बार्सेचा बोगदा तिच्यासाठी खणावा लागला, आणि ज्या डोंगराने काणकोणास शतकानुशतके अलग ठेवले तो गाडी आता काही मिनिटांत पार करते. २०१९ साली तळपण व गालजीबाग नद्यांवरील नव्या पुलांसह चावडीचा वळणरस्ता खुला झाला. पाळोळे आणि आगोंद येथे गेल्या शतकाच्या अखेरीपासून परदेशी प्रवाशांची रीघ लागली. पावसाळा सरला की किनाऱ्यावर लाकूड-बांबूच्या खोपट्या उभ्या राहतात आणि पुढच्या पावसाआधी त्या मोडून ठेवाव्या लागतात. कुमेरीच्या शेतकऱ्याप्रमाणे हीही एक फिरती वस्तीच, फक्त तिचे पीक निराळे. आगोंद व गालजीबागच्या वाळूत ऑलिव्ह रिडले जातीची समुद्रकासवे अंडी घालावयास येतात; त्या जागा वनखाते दोऱ्या बांधून राखते. तेवढ्या पट्टीत तरी खोपट्यांस मज्जाव आहे.

डोंगराने आपले अस्तित्व मात्र अधूनमधून जाणवून दिले आहे. २ ऑक्टोबर २००९ रोजी काणकोणावर अवेळी ढगफुटी झाली. काही तासांच्या पावसाने डोंगरांच्या कडा निखळून खाली आल्या, तळपण आणि गालजीबाग या नद्यांस महापूर आला, घरे, गुरे आणि कुळागरे वाहून गेली, व माणसेही दगावली. ज्या ओहोळांच्या भरवशावर ही वस्ती उभी राहिली होती तेच ओहोळ दगडमाती घेऊन अंगणात शिरले. उतारावरचे रान कोठे किती राखले गेले याचा हिशेब त्या दिवशी अनेक वाड्यांस एकदम चुकवावा लागला.

२०२१ साली व्हावयाची जनगणना त्या वर्षी झाली नाही. पुढच्या गणनेसाठी १ मार्च २०२७ हा संदर्भदिन ठरविण्यात आला, आणि तिच्यात जातीचीही नोंद करण्याचे सरकारने जाहीर केले. अनुसूचीत नाव आल्यानंतर कुणबी आणि वेळीप या नावांनी मोजले जाण्याची ही काणकोणातील दुसरीच खेप. खोतीगाव व गावडोंगरीच्या रानातील काही वाड्यांवर मोटार पोहोचत नाही. तेथे गणकाला अजूनही ओहोळाच्या कडेकडेने पायीच चढावे लागते.